मोजणीवाल्या साहेबांचं पाकीट

"ताई, कोणाला बोलला नाहीत ना?"

साहेब दुकानाची पायरी चढले की नमस्काराच्या आधी हे वाक्य यायचं. मग मागे वळून रस्ता बघायचा, समोरच्या फॉल-पिकोच्या दुकानावर नजर टाकायची आणि मगच स्टुलावर टेकायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, घरी आलेली दुधाची पिशवीसुद्धा उलटीपालटी करून बघणारा. आमचे साहेब त्यातले वरच्या नंबरातले.

कल्याणला माझं बॅगा-पट्ट्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. साहेब पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. पेन्सिलीने काढलेला आकार, त्याला लांबी, रुंदी, जाडी. "या मापाचं कातड्याचं पाकीट हवंय. वरून उघडं. पँटच्या पुढच्या खिशात राहील असं."

"कशासाठी?"

"वस्तूसाठी."

आमच्याकडे पोलिसांचे पट्टे दुरुस्तीला येतात, त्यामुळे वस्तू मला आकारावरूनच कळली. छोटं रिव्हॉल्वर. मी माणसाकडे नीट बघितलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, साठी उलटलेली. असलेच लोक जास्त खतरनाक असतात, असं माझं मत. म्हटलं, "लायसन दाखवा, नाहीतर आरीला हात लावणार नाही." त्यांनी दाखवलं, पण नाव-पत्त्यावर अंगठा ठेवून. मी तो अंगठा माझ्या हाताने बाजूला केला.

चार दिवसांनी पाकीट घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. "ढिलं झालंय. वस्तू आत हलते."

"तुम्ही दिलेल्या मापाचंच आहे. मोजा."

ते मोजेनात. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग म्हणाले, "माप मी खोटं दिलं होतं. वस्तू कुठली ते तुम्हाला कळू नये म्हणून दोन सूत जास्त सांगितलं."

मी खो खो हसले. त्यांना मात्र हसू येत नव्हतं. म्हणाले, "बत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढली, ताई. खोटं माप आयुष्यात पहिल्यांदा दिलं."

मग एका सकाळी, बाजार जागा व्हायच्या आत, ते वस्तूच घेऊन आले. चक्री उघडून रिकामी असल्याचं दोनदा दाखवलं. एवढंसं ते, माझ्या तळहातात मावलं. मी पुठ्ठ्यावर आकार उतरवला. त्यांनी आधी दोन तयार कव्हरं घेऊन बघितली होती. एक नायलॉनचं, लुळं. वस्तू काढली की त्याचं तोंडच मिटायचं. दुसरं चकचकीत चामड्याचं, ते वस्तूबरोबर खिशातून बाहेर यायचं. मी कातड्याची खडबडीत बाजू बाहेर घेतली, म्हणजे ते खिशाला धरून राहील. चाप पूर्ण झाकला. मांडीकडे नाही, बाहेरच्या बाजूला एक सपाट तुकडा शिवला, म्हणजे बघणाऱ्याला पैशाचं पाकीट वाटेल.

"आता बसून दाखवा. रिक्षात बसल्यासारखं."

बसले.

"पाय आखडा. शेजारी जाडी बाई आहे समजा."

तेव्हा पहिल्यांदा हसले. आणि त्या दिवशी, कातड्याचे तुकडे गोळा करता करता, त्यांनी सगळं सांगितलं. टिटवाळ्याच्या पुढे चार कुटुंबांची जमीन होती. एका बिल्डरच्या नकाशात ती गिळली गेली होती. मूळ मोजणी साहेबांची. हद्द थोडी सरकवा, असा निरोप आला. यांनी सरकवली नाही. आता कल्याणच्या कोर्टात त्यांची साक्ष व्हायची होती, आणि घरी फोन यायचे, न बोलता ठेवले जाणारे. ती चार कुटुंबं या एका माणसाच्या साक्षीवर बसून होती.

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. साहेबांनी सूट मागितली होती, ती मिळाली नाही. साक्षीची तारीख नेमकी त्याच दिवसांत पडली. वस्तू जमा केल्याची पावती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवत ते माझ्याकडे आले. "ताई, पाकिटात तेवढ्याच वजनाचं काहीतरी घालून द्या. खिसा रोजच्यासारखा दिसला पाहिजे." मी कातड्याचे तुकडे एकावर एक चिकटवले आणि आत तुटक्या हातोडीचं डोकं बसवलं. त्यांनी खिशात टाकून दुकानात चार फेऱ्या मारल्या.

"हे घरीसुद्धा सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "फक्त तुम्हाला माहीत आहे."

त्याच आठवड्यात एक माणूस पट्ट्याला भोक पाडायला आला. पट्टा त्याला चांगला बसत होता. भोकाची गरज नव्हती.

"ते मोजणीवाले काका येतात ना इकडे?" तो म्हणाला. "त्यांचं खिशातलं पाकीट तुम्हीच शिवलंय ना? मस्त काम आहे. आता इलेक्शनमध्ये सामान जमा असेल ना त्यांचं?"

माझा हातोडा थांबला. तरी तोंड चाललं. "कसलं जमा? सूट मिळालीय त्यांना. कालच आलेले, शिवण पक्की करून घेतली. खिशात भरलेलंच असतं."

तो हसला, पट्टा कमरेला लावला आणि गेला.

पहिला संशय मला साहेबांचाच आला. वाटलं, माझी परीक्षा घ्यायला यांनीच धाडला असणार. रागाने मी डबासुद्धा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना फाडकन विचारलं. ते उठून रस्ता बघून आले. त्यांनी कोणाला धाडलं नव्हतं.

"पण पाकीट तुम्ही शिवलंत, हे त्याला कळलं कसं?" त्यांनी विचारलं.

"काय माहीत," मी म्हटलं. आणि तेवढ्यात मला आठवलं. दिवाळीच्या आधी, समोरच्या फॉल-पिकोवालीकडे चहा पिताना, खोट्या मापाची गोष्ट मीच रंगवून सांगितली होती. दुकानातल्या दोन-तीन गिऱ्हाइकिणीही हसल्या होत्या. मला फार मजा आली होती.

साहेबांना मी त्या दिवशी काही बोलले नाही.

साक्षीच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि त्यांच्या उजव्या बाजूने चालत कोर्टापर्यंत गेले. फाटकाशी त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं, "हे आत चालत नाही," म्हणाले आणि गेले. मी बाहेर उन्हात बसून राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेचा पट्टा बघत होते. दोन तास गेले असतील.

बाहेर आले ते घामाने भिजलेले. "झालं. हद्द होती तिथेच सांगितली." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सबंध आयुष्यात तोंड बंद ठेवणारं एकच माणूस भेटलं, ताई. तुम्ही."

हे मला गिळवेना. गप्प राहिले असते तर आजही ते माझ्याकडे आले असते. पण त्या माणसापुढे खोटं मिरवायची लाज वाटली. मी सगळं सांगून टाकलं. चहा, फॉल-पिकोवाली, हसणाऱ्या बायका.

"कधी?"

"दिवाळीच्या आधी."

"किती जणी होत्या?"

"तीन. नाही, चार."

त्यांनी मान हलवली, एखादा आकडा जुळल्यासारखी. माझ्या हातातलं पाकीट घेतलं, खिशात ठेवलं आणि रिक्षा थांबवून बसले. रागावले असते तर मी भांडले असते, रडले असते. ते रागावले नाहीत.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. चार कुटुंबांच्या जमिनीवर बांधकाम थांबल्याचं मला त्यांच्यातल्याच एका बाईकडून कळलं. तिला बॅगेची चेन बदलून हवी होती. साहेब ठणठणीत आहेत असंही ती म्हणाली. मला बरं वाटलं, आणि बाई गेल्यावर फार वाईट वाटलं.

गेल्या महिन्यात मी पलीकडच्या गल्लीतून येत होते, तर साहेब तिथल्या घड्याळवाल्याच्या टपरीशी उभे होते, त्याला काहीतरी समजावत. मला बघितलं. बोलणं थांबवलं, दोन्ही हात जोडून व्यवस्थित नमस्कार केला. मीही केला. आणि मी गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत ते तसेच गप्प उभे राहिले.