तिसऱ्या पाळीचं घर

ताईचं नाव वर्तमानपत्रांत येऊ लागलं तेव्हा लोक विचारायचे, टेनिस तुमच्या घरात आलं कसं? ते आलं बाबांच्या कारखान्यामुळे. अंबरनाथला कारखान्याच्या वसाहतीत साहेबांसाठी एक कोर्ट होतं. ऐंशीच्या दशकात तिथल्या एका साहेबांनी कामगारांच्या मुलींनाही सकाळी खेळू दिलं. त्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. पण त्याच कारखान्यात तिसरी पाळीही होती.

त्या पाळीत बाबा रात्रभर भट्टीपुढे उभे राहत आणि दिवसा झोपत. वसाहतीबाहेर, बुवापाड्याच्या वस्तीत आमची एकच खोली. भट्टीवर डुलकी लागलेल्या एका सोबत्याचा हात गेलेला बाबांनी पाहिला होता. त्यामुळे त्यांची झोप मोडणं म्हणजे काय, हे आईनं आम्हा दोघी बहिणींना एकदाच सांगितलं. आम्ही खुणांनी बोलायचो. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली असे. मी पाठांतर नुसत्या ओठांनी करायची. कुकरसुद्धा आई शेजारच्या मावशींकडे नेऊन लावायची. "तुमच्या डाळीला शिट्टी मारायला माझंच घर सापडतं," मावशी म्हणायच्या. आई तिथेही हळूच हसायची.

निवडीचा शेवटचा सामना आमच्याच कोर्टावर होता. जिंकणारी मुलगी पुण्याच्या शिबिराला जाणार होती. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "यंदा जमलं तर ठीक. नाहीतर टायपिंगचा क्लास लावायचा." ते रागानं बोलले नव्हते, म्हणूनच ताई जास्त घाबरली होती.

बाबा पाळी सुटल्यावर थेट कोर्टावर आले. डोळे लाल, डब्याची पिशवी खांद्याला. पालकांनी सामना चालू असताना एक शब्द बोलायचा नाही, अशी ताकीद होती.

लहान मुलींच्या सामन्यांत प्रत्येक चेंडूला पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू बाहेर गेला, तर आपणच लगेच मोठ्यानं 'आऊट' म्हणायचं असतं. शेवटचा सेट बरोबरीत आला आणि समोरच्या मुलीचा फटका रेषेबाहेर चांगला वीतभर पडला. ताईचे ओठ हलले. मी जाळीला चिकटून उभी होते, तरी मला काही ऐकू आलं नाही. समोरच्या मुलीनं गुण मागितला. मांडवातले पंच चालत आले.

"मी म्हटलं, सर. आऊट म्हटलं."

"कुणी ऐकलं? ऐकू नाही आलं तर चेंडू आत."

पुढच्याच गेममध्ये पुन्हा तेच झालं. त्या मुलीची आई छत्रीखालून म्हणाली, "अगं, बोल ना जरा मोठ्यानं! इथे काय कुणी झोपलंय?"

दोघं-तिघं हसले. बाबांनी जाळीची तार मुठीत धरली. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ताईनं एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. त्यानंतर ती बाहेर जाणारे चेंडूही धावत जाऊन परतवू लागली. म्हणजे 'आऊट' म्हणायलाच नको. अशानं कोण जिंकणार? ती हरली.

आम्ही घरी आलो. आईनं सवयीनं अंथरूण घातलं, दार लोटलं. ताई रॅकेट मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली. टायपिंगचा विषय आता निघेल, मग निघेल, म्हणून मी बाबांकडे बघत होते.

बाबा अंथरुणाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी ते गुंडाळलं आणि काखेत मारलं.

"मी वस्तीतल्या बुद्धविहारात झोपतो. रात्रपाळी असेल तेव्हा यापुढे तिकडेच."

"अहो, तिथे दुपारी पोरं धिंगाणा घालतात."

"घालू देत."

दारात थांबून ते ताईला म्हणाले, "तू इथे बोंबल. शेजारी ऐकू गेलं पाहिजे. पुढच्या वर्षी मला तिथे काही ऐकून घ्यायचं नाहीये."

ते गेले. खोली एकदम मोठी वाटू लागली. ताई उठली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आधी नुसती हवा आली. मग घोगरं काहीतरी. मग इतक्या जोरात 'आऊट' आलं, की भिंतीपलीकडून मावशी किंचाळल्या, "अगं बाई, काय झालं? कोण पडलं?"

ताईनं घाबरून तोंडावर हात ठेवला. आईनं तो हात खाली केला.

"अजून एकदा," ती म्हणाली.