आईचा लेख आणि रिसायकल बिन

लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर मी डीटीपीचं दुकान चालवायचे. लग्नपत्रिका, आमंत्रणं, आणि दरवर्षी चाळीच्या गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका. गिरणी संपाला तोवर बरीच वर्षं उलटली होती. संपात बाहेर पडलेले बाबा पुन्हा कामावर गेलेच नाहीत. त्यांच्या गिरणीच्या जागेवर आता टॉवर चढत होता.

त्या वर्षी स्मरणिकेत आईचा लेख घ्यायचा मी हट्ट धरला. ती बोलली, मी टाइप केलं. संपात बाबा कोकणात गावी गेले, तेव्हा तिने मजल्यावरच्या बायका जमवून सगळ्यांचं जेवण एकत्र रांधलं होतं. शेवटी ती म्हणाली, "संप संपलो म्हणतत. माका कोण सांगूक इल्लो?" तेही मी जसंच्या तसं घातलं.

मंडळाचे अध्यक्ष प्रूफं बघायला आले. बाबांच्याच खात्यात कामाला होते ते. मी त्यांना काका म्हणायचे.

"हा लेख काढ," ते म्हणाले. "शेवटच्या पानावर त्या टॉवरवाल्या बिल्डरची जाहिरात आहे. त्याला काय वाटेल?"

"आईला काय वाटेल?"

त्यांनी माझ्या हातातला माऊस घेतला. आधी फ्लॉपीवरची, मग कॉम्प्युटरवरची फाइल डिलीट केली. "झालं. विषय संपला."

ते गेल्यावर मी पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसले. फ्लॉपीवरचं पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती प्रत गेलीच. पण कॉम्प्युटरवरची फाइल डिलीट केली तरी ती नुसती हलते. कोणी बिन रिकामी करेपर्यंत तिथेच असते. मी स्क्रीनवरची ती टोपली उघडली. आईचा लेख आत होता, कुठल्या फोल्डरमधून आला त्या पत्त्यासकट. रिस्टोअर म्हटल्याबरोबर तो आपल्या जागी परतला.

दुसऱ्या दिवशी काकांनी प्रूफ उलटलं आणि ते थबकले. "मी हा उडवला होता ना?"

"टोपलीत होता. परत आणला."

"मग ती टोपली आत्ता रिकामी कर. माझ्यासमोर."

"नाही करणार, काका."

"दुसरीकडून छापून घेईन."

"घ्या. या पानाशिवाय माझ्या दुकानातून स्मरणिका बाहेर जाणार नाही."

त्यांनी काम खरंच दुसरीकडे नेलं आणि परत कधी दिलं नाही. मी लेख मोठ्या टायपात छापला आणि जिन्याखालच्या भिंतीवर चिकटवला. सकाळी तो फाटलेला होता. मी दुसरा लावला. तोही फाटला. मग तिसऱ्या मजल्यावरची मावशी दुकानात येऊन भांडली, "भाकऱ्या मी पण थापल्या, माझं का नाही लिहिलंस?" तिला खुर्ची दिली, तिचंही टाइप केलं. मागोमाग आणखी दोघी आल्या. भिंतीवरचे कागद वाढत गेले.

फाडणारा शेवटी कंटाळला. मी नाही.