मनकर्णाच्या घरावरची चिंता

हिवरी गावात चिंचा पुष्कळ आहेत, पण नुसतं 'चिंच' म्हटलं की ती एकच. तलमडुगुकडून येणारा रस्ता गावात शिरायच्या आधी तिला वळसा घालतो. रस्ता करणाऱ्यांनी ती तोडली कशी नाही, असं गावात कुणी विचारत नाही. आभाळ वर का आहे, असं कुणी विचारतं का? या चिंचेची एक फांदी मनकर्णाच्या घरावरून पलीकडे जाते. फांदी म्हणायचं आपलं. ते आडवं झालेलं दुसरं झाडच.

मनकर्णा लग्न होऊन आली तेव्हा तिला या फांदीचं कौतुक होतं. वैशाखात गावातले पत्रे तव्यासारखे तापायचे, बाया ओली पातळं अंगावर घेऊन बसायच्या, आणि हिच्या घरात मात्र दुपारी डोळा लागायचा. सासरचं काही नाही तर निदान सावली तरी थोर मिळाली, असं ती माहेरी सांगायची. मग हर्षाली झाली, रांगायला लागली, शाळेत जायला लागली. आणि मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी सोसाट्याचं वावधान उठलं. थोरल्या फांदीची एक उपफांदी कडाडून मोडली आणि शेळ्यांच्या गोठ्यावर आली. शेळ्या चरायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. गोठा जमिनीला टेकला होता. गोठा आणि हर्षालीची बाज यांच्यामध्ये एका कुडाच्या भिंतीचं अंतर होतं.

त्या दिवसापासून मनकर्णाचा कान वर लागला. पत्र्यावर चिंचेचा एक आकडा पडला तरी ती उठून बसायची आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजायची. नवरा महिपत कापसाच्या हंगामात भैंशा शहरातल्या जिनिंगमध्ये कामाला. त्याला फोनवर सांगावं तर तो म्हणायचा, "आबाच्या आबानं पाह्यलं ते झाड. त्याले पडाचं असतं तं आतापावतर पडलं असतं." म्हाताऱ्या माणसाबद्दल असं कुणी म्हणेल का, की मरायचं असतं तर आतापर्यंत मेला असता?

म्हणून ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती नव्यानं बसली आणि "एक बाई कमी पडून राह्यली" असं म्हणत भगवंतराव सरपंच तिच्या दारात आले, तेव्हा ती लगेच हो म्हणाली. भगवंतरावांना नवल वाटलं. वांग्याच्या वाफ्यातून मान वर न काढणारी ही बाई मीटिंगला येणार? गावात त्या समितीला झाडाची कमिटी म्हणत. मनकर्णानं मनाशी सरळ हिशेब केला होता. कोणतं झाड राखायचं हे जे ठरवतात, तेच कोणतं तोडायचं हेही ठरवणार. ती तोडायला सांगायलाच कमिटीत गेली.

पहिली मीटिंग संक्रांतीनंतर झाली. सल्ला द्यायला आदिलाबादच्या कॉलेजातल्या भाग्यलक्ष्मी म्याडम आल्या होत्या. झाडांचा विषय शिकवणाऱ्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. मराठी समजायची पण जिभेवर बसायची नाही, म्हणून त्या आपल्या हिंदीत बोलत. गावातलं एखादं असाधारण झाड निवडायचं, त्याचं नाव वर पाठवायचं, म्हणजे मग त्याला कुणी हात लावू शकणार नाही, असं त्यांनी समजावलं आणि विचारलं, "तो बताइए, आपके गाँव में सबसे बड़ा चिंता किधर है?"

भगवंतराव घसा खाकरले. बंडू सुताराने खिडकीबाहेर पाहिलं. जो तो मनानं आपापल्या घरात शिरून आला असावा. एवढी शिकलेली बाई, पहिल्याच भेटीत असं पोटातलं विचारते, यानं मनकर्णाला भरून आलं. ती म्हणाली, "माह्या घरावर हाये, बाई."

बंडू फसकन हसला. "अवं वयनी, त्या चिंच इचारून राह्यल्या. तेलगूत चिंचेच्या झाडाले चिंताच म्हंतेत."

मनकर्णाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आदिलाबादच्या बाजारात ती वांगी अन् सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन बसते तिथं शेजारची चिंचा विकणारी बाई दिवसभर 'चिंतपंडू, चिंतपंडू' ओरडत असते. पण कानाला जे ठाऊक असतं ते मनाला दर वेळी आठवतंच असं नाही. ती जराशी लाजली. मग मान वर करून म्हणाली, "मंग मी काय येगळं सांगतलं?"

बंडूनं म्याडमना सगळं उलगडून सांगितलं. त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. हसून झाल्यावर मात्र मनकर्णाकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "चलो अम्मा. तुम्हारा चिंता देखेंगे."

चिंचेपाशी आल्यावर म्याडमनी पिशवीतून टेप काढली, खोडाकडे पाहिलं, आणि टेप परत पिशवीत टाकली. "हात पकड़ो सब लोग," त्या म्हणाल्या. मग भगवंतरावांनी बंडूचा हात धरला, बंडूनं मनकर्णाकडे हात करून "महिपतभाऊले सांगजो नोको" म्हटलं, शाळा सुटून आलेली पोरं लोंबकळली, पाणी भरणाऱ्या बाया हंडे ठेवून आल्या, तेव्हा कुठं कडं पुरं झालं. मनकर्णाचा गाल खोडाला लागला. वावधानापासून तिनं या झाडाला हात लावला नव्हता. साल उन्हानं कोमट झाली होती. एखाद्या म्हशीच्या कुशीला टेकावं तशी. पलीकडे कोण आहे ते दिसत नव्हतं. नुसता पोरांचा गलका पार दुसऱ्या गावाहून आल्यासारखा येत होता. ज्याच्याशी तिनं एवढे दिवस वैर धरलं, ते एवढं आहे, हे तिला आज कळत होतं. ती फक्त एका फांदीला ओळखत होती.

कडं सुटलं तेव्हा हर्षाली दिसेना. मनकर्णानं हाक मारली. "आई, मी इथं हावो," असा आवाज थेट झाडातून आला.

मागच्या बाजूला खोडाला उभी भेग होती. पोरगी त्यातून हसत डोकं बाहेर काढून उभी.

"तू रोज शिरतं इथं?" मनकर्णा धावत भेगेपाशी आली.

"सारेच शिरतेत. तू बी ये न."

लेकीला ओढून काढायला म्हणून ती आत गेली आणि आत गेल्यावर ओढायचं विसरली. आत एक खोलीच होती. गार, आंबूस वासाची, पायाखाली भुसभुशीत मऊ. वर पाहिलं तर पार उंचावर एक भोक, आणि त्यातून उतरलेला उजेडाचा एक सरळ दोर. उलट्या विहिरीच्या तळाशी उभं राहिल्यासारखं वाटलं. कुठल्या तरी कोनाड्यात पिंगळ्यांची जोडी मान वळवून पाहत होती. मागून म्याडम आल्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या. जन्मभर झाडं शिकवत आलेली बाई अनवाणी उभी राहिली.

मग म्याडमनी आतल्या भिंतीवर तळवा ठेवला. "अंदर सब चला गया, अम्मा. जान बस इस चमड़ी में है."

"मंग येवढी फांदी धरून कशी हाये?"

"मालूम नहीं," म्याडम म्हणाल्या. "सच में मालूम नहीं."

मनकर्णाला वाटलं होतं, ही बाई काहीतरी मोठं उत्तर देईल. उत्तर आलं नाही आणि तिच्या अंगावर काटा आला. आतून सगळी पोकळ, आणि तरी दर साली मोहोर, दर साली चिंचा, साऱ्या गावाच्या वरणात आंबट हिचंच. आणि दोन्ही हात पसरून उभी.

बाहेर आल्यावर चिंचेसमोरच्या पारावर बैठक बसली. नाव वर पाठवलं तर फांदीलाही कुऱ्हाड लागणार नाही, हे आता साऱ्यांना कळलं होतं. भगवंतराव म्हणाले, "आपल्यात रीत हाये. ज्याच्या आंगणात मांडवाचा खांब गाडाचा, त्याले पयले इचाराचं. मनकर्णे, तू बोल. तू नाई म्हणशीन तं नाव जाणार नाई."

तिनं 'नाही' म्हणायलाच तर कमिटीत यायचं कबूल केलं होतं. तोंड उघडलं आणि निराळंच निघालं. तिनं म्याडमना विचारलं, "तुमी आपलं लेकरू निजवान का त्या फांदीखाली?"

म्याडमनी फांदीकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं. फांदी चांगली आहे, हिरवी आहे, असं त्या म्हणू शकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "नहीं."

बंडू हळूच म्हणाला, "म्हातारीले काठी देऊ ना. सागाचं मोठं बेळकं लावतो खालून." म्याडमनी मान हलवली, टेकू द्यावाच लागेल म्हणाल्या, पण वावधानाची हमी बेळकं देत नाही, हे बंडूच्याही चेहऱ्यावर दिसत होतं.

दिवस कलला होता. मनकर्णा खाली मान घालून बसली होती. हर्षालीनं तिचा पदर ओढला. "आई, पाह्य न, चिंच निजून राह्यली."

ती वर पाहायला लागली. बारीक पानं एकमेकींकडे झुकून मिटत होती. हात जोडावेत तशी जोडी जोडीनं, एका डहाळीवर, मग दुसरीवर, मग आभाळभर. कसलाच आवाज नाही. एवढा प्रचंड जीव आणि बारक्या पोरासारखा दिवेलागणीला डोळे मिटतो. एवढी वर्षं रोज संध्याकाळी हे तिच्या डोक्यावर होत होतं, आणि ती त्या वेळी पत्र्याखाली चुलीशी असायची.

"नाव पाठवा," मनकर्णा म्हणाली. "पण माह्यं घर हालवून द्या. उन्हाळा लागाच्या आत. पल्याड वांग्याचे वाफे हायेत, तिथं फांदी पोचत नाई."

"वांगी भरात हायेत, व माय," पाणी भरणारी राहीबाई मध्येच म्हणाली.

"वांगी फिरून लावता येतेत."

"आन महिपत?" भगवंतरावांनी विचारलं.

तिनं तिथंच फोन लावला. भैंशाहून महिपतचा आवाज साऱ्या पाराला ऐकू आला. "झाडासाठी घर हालवतेत? कोणी आईकलं का हे? लोकं हासतीन." मनकर्णा म्हणाली, "हासू द्या. झाडाले उठता येत नाई, आपल्याले येते." पलीकडे गिरणीची घरघर कमी झाली, तो बाहेर आला असावा. मग तो म्हणाला, "चुलीचं तोंड उगवतीकडं ठेवजो."

घर हलवलं त्या दिवशी अर्धं गाव आलं. वाफे आधीच मोडले होते; मनकर्णानं कच्ची वांगीसुद्धा खुडून वाटून टाकली होती. बंडूनं खिळे उपटले, गड्यांनी वासे मोकळे केले, आणि मग "धरा, उचला" करत जोडलेले पत्रे तसेच डोक्यावर घेतले. पालखी जावी तसं छप्पर निघालं. हर्षाली त्याच्या सावलीत पुढे पुढे नाचत होती.

मनकर्णा भांडी काढायला मागे थांबली होती. कुडाच्या भिंती अजून उभ्या होत्या, चूल जागेवर होती. छप्पर दूर सरकलं, चुलीवर ऊन पडलं, आणि तिनं वर पाहिलं.

एवढी वर्षं तिनं फांदीला फक्त ऐकलं होतं. आता ती डोक्यावर उघडी होती, इथून तिथवर, काळीशार, एखादी नदी आभाळातून वाहत यावी तशी. तिच्या खाचांत शेवाळ होतं, मुंग्यांच्या वाटा होत्या, एका बेचक्यात पाखराचं घरटं होतं. मागं मोडलेल्या उपफांदीच्या जागी साल वळून वळून जखमेवर आली होती, आणि तिच्या कडेनं कोवळी लालसर पालवी फुटली होती. मनकर्णाच्या हातात परात होती. बाहेरून राहीबाईनं हाक मारली, "झालं का व?"

"येतो," ती म्हणाली, आणि तशीच वर पाहत राहिली.