जमुनेच्या वेणीचा वेळ

घरकामात वेळ कसा वाचवावा, हे मनकर्णाबाईला कोणी शिकवण्याची गरज पडली नाही. अमरावतीच्या परकोटाबाहेर, बडनेऱ्याच्या वाटेवर तिचा भाजीचा मळा होता. नवरा सहदेव मोट हाकी आणि ती टोपले डोक्यावर घेऊन बाजार गाठी. पहिल्या गाडीची शिटी होण्यापूर्वी वेशीजवळच्या निंबाखाली जागा धरली, तर माल उन्हाआधी खपे. एरवी मेथी माना टाकी. म्हणून तिने प्रत्येक कामाला क्रम लावून दिला होता. पाणी सायंकाळीच भरायचे, दोन्ही वेळच्या भाकरी एकदाच थापायच्या, वरण शिजत असता अंगण झाडायचे. शेजारीण पार्बताबाई म्हणे, "तुले चार हात हायेत का वं?" मनकर्णाबाईला ते ऐकून धन्य वाटे.

या क्रमात न बसणारे एकच काम होते: सात वर्षांच्या जमुनेची वेणी. केस दाट, त्यांत उवा. चार भाकरी व्हाव्यात एवढा वेळ फणीला लागे, आणि तेवढा वेळ पोरीचे तोंड चालूच राही. काय स्वप्न पडले, कोणाशी कट्टी झाली, विहिरीतल्या कासवाने कशी मान वर काढली. मनकर्णाबाई "हूं" म्हणे. कान मात्र शिटीकडे.

एका चैत्रात सहदेवची हजामत करायला न्हावी मळ्यात आला, तेव्हा तिने जमुनेलाही त्याच्यापुढे बसवले.

"माय, मले नको! पोट्ट्या मले बोडकी म्हणतीन!"

"म्हणू दे. केस काय पळून जाते? येतीन परत."

न्हावी घुटमळला. "पोरीचं डोकं भादरू काय, वहिनी? बरं नाई दिसत."

"तू भादर. रोज सकायी तू येशीन काय फणी कराले?"

दुसऱ्या दिवशी निंबाखाली पहिले टोपले तिचे होते. हा लाभ तिला इतका मानवला, की केस बोटभर वाढले की न्हाव्याला सांगावा जाई. दोन वर्षे असे चालले. जमुना डोक्याला फडके बांधून वावरे, सांगितलेले काम मुकाट्याने करी. पोर शहाणी झाली, असे आईला वाटले.

नवव्या वर्षी, पोर आता लग्नाला येईल म्हणून, केस राखले. वेणी मात्र जमुना पार्बताबाईच्या ओट्यावर जाऊन घालून घेऊ लागली. तेवढाही वेळ वाचला, म्हणून मनकर्णाबाईने हरकत घेतली नाही.

पोळ्याच्या दिवशी बाजार नव्हता. ताक मागायला ती पार्बताबाईकडे गेली, तो कुडाआडून जमुनेचा आवाज आला. किती दिवसांनी ती इतके बोलत होती!

"बाबा बैल सोडून जेवाले गेले होते. माहा पाय सरकला न् मी इहिरीत! मोटेचा दोर धरला, मंग पायऱ्याले लागली."

"अवो माय! कवा?"

"मागच्या साली."

"मायले नाई सांगतलं?"

"तिले कुठं फुरसत हाय?"

मनकर्णाबाई ताक न मागताच परतली.

दुसऱ्या दिवशी पीठ परातीत तसेच ठेवून तिने फणी घेतली. "ये, मी घालून देतो वेणी." जमुना निमूट पाठ करून बसली. आता उवा नव्हत्या, गुंताही नव्हता; तरी आईने हात मुद्दाम सावकाश चालवला.

"इहिरीत पडली होती म्हने तू?"

"हो."

"लय भेव लागलं असंन."

"लागलं होतं तवा."

"मंग? सांग ना वं."

"झालं ते, माय. आता काय सांगू?"

पाच वर्षांनी जमुना बार्शीटाकळीला नांदायला गेली. त्या पाच वर्षांत मनकर्णाबाईने भाकरी मागे ठेवून, बाजाराची जागा घालवून तिला पुष्कळ विचारले. जमुनेने कधी तोंड फिरवले नाही, कधी उलट उत्तर दिले नाही. विचारले तेवढे ती सांगे, आदराने सांगे, आणि गप्प राही.