वार कोणी नेली?

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी कोणी एखादी केस सांगा म्हटलं, की मला आधी आठवते ती वारेची. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती, नेमणूक वाशीम जिल्ह्यात. सकाळची हजेरी चालू असताना खबऱ्याचा फोन आला.

"साहेब, दवाखान्यातून बायांच्या वारा चोरून राह्यले. थंड डब्यात घालून गाडीनं पाठवून राह्यले. कायले, ते तुमीच पाहा."

बाळंतपणानंतर पडणारी वार आमच्याकडे हळदकुंकू वाहून परसात पुरतात. ती परक्याच्या हाती लागली की बाळावर करणी होते, ही समजूत पक्की. बातमी फुटलीच होती, बघता बघता ठाण्यासमोर गर्दी जमली. पुढे अनसिंग गावची एक आजी. नातवाला ताप, दूध ओढत नाही, आणि दवाखान्यानं वार दिलीच नाही, ही तिची तक्रार. "गुन्हा दाखल करा, नाहीतर दवाखाना फोडतो!" मागून कोणीतरी ओरडलं. मी त्याला पुढे बोलावलं, तर कोणी येईना. गर्दीतले शूर असेच असतात. बाळाला मी आधी आईसोबत त्याच दवाखान्यात तपासायला पाठवलं.

डबा नेणाऱ्या वॉर्डबॉयला ठाण्यात आणलं. गडी घामाघूम.

"चोरी नाही साहेब. त्या बाईनं सही देल्ली."

"कोणत्या बाईनं?"

तोंडाला कुलूप. दरडावलं, चहा पाजला, काही उपयोग नाही. शेवटी म्हणाला, "नाव सांगतलं तर सासू तिले घरात ठेवन काय? भायेरच तं बसली हाये."

आली का पंचाईत! तक्रार करणाऱ्या आजीच्याच सुनेनं वार दिली होती. खरं सांगावं तर तिचं घर मोडणार, न सांगावं तर निरपराध माणूस आत जाणार. आणि मला तर वेगळंच कुतूहल छळत होतं: वारेचं कोणी करतं तरी काय? आजीला जीपमध्ये घेतलं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टर बाईंनी सगळं उलगडून सांगितलं. भाजल्याचा जाड, वर आलेला व्रण नुसत्या मलमानं बसत नाही. मग भूल देऊन तो बारीक सुयांनी टोचतात, म्हणजे आतली घट्ट वीण सैल होते. टोचलेल्या जागेवर वारेचं आतलं आवरण पट्टीसारखं लावतात. आईची संमती, तिच्या रक्ताची तपासणी, मोठ्या शहरात शुद्धीकरण, मगच ते वापरायचं. त्यांनी दाखवलं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ! मी चष्मा काढून, पुसून पुन्हा पाहिलं.

तशीच पट्टी बदलायला एक तरुण मुलगी आली होती, भाजी पिकवणाऱ्यांच्या घरातली. उकळतं तेल मानेवर सांडलेलं. तिनं आपणहून ओढणी बाजूला केली. व्रण गेला नव्हता, पण बराच बसला होता.

"पह्यले मांगून कोनी हाक मारली का पुरं आंग फिरवा लागे," ती म्हणाली. "आता नुसती मान फिरते. हे पाहा!" आणि खुशीत फिरवून दाखवली.

आजीनं व्रणाच्या कडेला हलकेच बोट लावलं. "दुखते काय वं?"

"नाही मावशी. खाजवते तेवढं."

तेवढ्यात आजीची सून बाळाला घेऊन दारात आली. बाळाला औषध मिळालं होतं, ते दूध पिऊन झोपलेलं. वॉर्डबॉयला धरल्याचं तिच्या कानावर गेलं होतं.

"साहेब, त्या मानसाले सोडा. आई, सही म्याच देल्ली."

आजी सुनेकडे वळली.

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तुमी देऊ देल्ली असती?"

"नसती," आजी म्हणाली. मग हात पुढे केले. "आन इकडं त्याले, थकली असशील. चाल, घरी जाऊ."

गुन्हा दाखल झालाच नाही. गप्प बसणारा स्वतःची कातडी वाचवत असतो, असं आम्ही खात्यात धरून चालतो. त्यानंतर मात्र कोणी तोंड उघडेना, की मी आधी विचारायचो, "बाहेर कोणाची काळजी वाटते तुला?" पुष्कळदा माणूस तिथेच रडायला लागायचा.