आधी जेवून घ्या

काशीत मरणाऱ्यांची सोय विश्वनाथाने करून ठेवलेली आहे, त्याबद्दल कुणी काळजी करू नये. मागे राहणाऱ्यांची सोय मात्र रामघाटावर आमचे आतोबा बघत, आणि माझ्या मते ते काम जास्त कटकटीचं होतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. इंटर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले, अंगाने काटकुळे, आवाजाने मात्र गंगेच्या पल्याड ऐकू जातील असे. नव्वदच्या दशकाच्या तोंडाशी बँकेने मला बनारसला पाठवलं आणि मी त्यांच्याकडे राहायला गेलो, तेव्हा अख्ख्या गल्लीत एकच फोन होता आणि तो आतोबांचा होता.

हा फोन त्यांनी भर तारुण्यात नोंदवला होता आणि तो आला तेव्हा कवळी बसवायची वेळ झाली होती. आला त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. तार ओढायला आलेल्या लाइनमनला आत्याने साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली. माकडांना तेवढं कुणी विचारलं नाही; त्याचा राग असावा, कारण पुढे जन्मभर ती त्याच तारेला लोंबकळत राहिली. फोनची स्थापना झाली देवघराशेजारच्या कोनाड्यात, अंगावर आत्याने क्रोशाने विणलेला रुमाल. दसऱ्याला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. आतोबा सोवळ्यात पूजा करत असताना घंटी वाजली, तर आत्या रिसीव्हर पदरात धरून त्यांच्या कानाशी नेई आणि ते हातातली घंटा थांबवून गर्जना करत, "हलो! कौन चाहिए?" आत्या स्वतः त्यात कधी चकार शब्द बोलली नाही. "मला नाही बाई त्या भोकांशी बोलता येत," म्हणे.

आपल्या घरी फोन नसेल त्याने शेजाऱ्याचा नंबर देऊन पुढे 'पी.पी.' लिहायचं, अशी तेव्हाची रीत होती. आतोबांचा नंबर आमच्या गल्लीतल्या लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर आणि एका वैद्यबुवांच्या पाटीवरसुद्धा होता. फोन कुणाचाही असो, निरोप द्यायला आतोबा जातीने जात. डोक्याला टोपी, हातात छत्री, धोतराचा सोगा सावरत पार बालाजी घाटापर्यंत. एकदा मी म्हटलं, "आतोबा, अहो गच्चीतूनच हाक मारा की. तुमचा आवाज जातोय तिथवर." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्रिकोणाला चार कोन आहेत म्हणालो. "पागल आहेस काय? खबर अशी वरून फेकायची असते होय? खबर हातात नेऊन द्यायची असते, भाचेराव." मी चिडवायचो, "तुम्ही फोन घेतलात की नोकरी धरलीत?" तर त्यावरही उत्तर तयार. "सरकार वर, गल्ली खाली, मध्ये आपण. शिकलो कशाला मग? आपण हललो की दोघांची गाठ सुटली समज."

आता निरोप जसाच्या तसा द्यावा की नाही? छे! गणित शिकवणारा हा माणूस निरोपाच्या बाबतीत मात्र बेरीज-वजाबाकी मनाला येईल तशी करी. मुलीकडच्यांनी "मुलगा काळा आहे" म्हणून नकार कळवला, की आतोबांच्या तोंडून तो "पत्रिकेत नाडीदोष निघाला" असा बाहेर पडे. पण त्यांचं खरं कसब दिसे ते मरणाच्या बातमीत. तिथे त्यांचा एकच नियम होता, आधी जेवण, मग बातमी. सुतक काही माणूस मेला म्हणून लागत नाही, ते कानावर आलं की लागतं, हे शास्त्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. कानावर आलं, की भरल्या पानावरून उठायचं आणि अंघोळीला जायचं. "मग कानाने थोडं थांबावं ना! मेलेल्याला कुठे घाई असते?" असं त्यांचं म्हणणं.

समोरच्या गुरुजींचे चुलतभाऊ वाईला वारले, त्या दिवशी गुरुजी नुकते पुरणपोळीवर बसले होते. आतोबा आत गेले, उंबऱ्याशी पाट ओढून बसले आणि गंगेचं पाणी किती चढलंय यावर बोलत राहिले. गुरुजींनी पोळ्या संपवल्या, आग्रह करकरून भात घेतला, ताक प्यायलं, हात धुतले, सुपारी कातरली. मग आतोबा हळूच म्हणाले, "गुरुजी, आता स्नान करावं लागेल." गुरुजी नंतर मला सांगत होते, "वाईट वाटलं रे, फार वाटलं. पण उपाशीपोटी वाटलं असतं तर सोसलं नसतं."

या नियमाचा परिणाम असा झाला, की आतोबांनी कुणालाही "जेवलात का?" विचारायची सोय राहिली नाही. एकदा आमच्याकडे सत्यनारायण होता. आतोबा हौसेने आमंत्रण करायला गुरुजींच्या दारात गेले आणि गुरुजींच्या बायकोला सहज विचारून बसले, "काय वहिनी, जेवणं झाली का?" त्या बाईंनी तिथल्या तिथे हंबरडा फोडला. "कोण गेलं हो? माझा दादा का?" शेजारणी धावल्या, कुणी पाणी आणलं, कुणी पाठ चोळू लागलं. आतोबा बिचारे "अहो शिरा आहे, शिरा! प्रसादाला या म्हणतोय!" असं ओरडतायत आणि त्यांचं कुणी ऐकत नाही. त्या दिवसापासून गल्लीत ते सगळ्यांना फक्त तब्येत विचारत.

बरं, हा नियम ते स्वतःलाही लावत. एकदा ते हात धुऊन पानावर बसणार, तेवढ्यात फोन आला. पलीकडे त्यांचा पुतण्या, आणि तो पहिल्या शब्दालाच रडायला लागला. आतोबा कडाडले, "थांब! रुक जा! पुढे एक अक्षर बोलू नकोस. मी जेवलो नाहीये अजून." आणि खाड्‌कन फोन ठेवला. शांतपणे बसले, आमटीभात खाल्ला, वर दहीभात खाल्ला, आत्याला आणि मलाही खायला लावलं. मग स्वतः उठून त्यांनी फोन लावला आणि मोठ्या भावाची बातमी ऐकली. ऐकल्यावर मात्र कोनाड्याला डोकं टेकून पोरासारखे रडले.

बघता बघता दिवस पालटले. नाक्यावर एस.टी.डी.चा पिवळा बूथ आला. मग फोनसाठी तरुणपण घालवायची गरज उरली नाही. अर्ज टाकला की थोड्या दिवसांत लाइनमन दारात. गुरुजींच्या मुलाकडे फोन आला, शेजारी आला, वैद्यबुवांकडे तर बटणांचा आला. फ्रिज आले, छपरावर केबलच्या तारा आल्या, माकडांची चंगळ झाली. पूर्वी आमच्या फ्रिजातला बर्फ न्यायला वाटी घेऊन कुणीतरी यायचं, तेही बंद झालं. वाईट कुणीच नव्हतं. ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या घरात आलं, एवढंच. सगळ्यांचं बरं चाललं होतं आणि आतोबा बेकार झाले होते. दिवसातून कितीदा तरी रुमाल बाजूला करून ते रिसीव्हर उचलून बघत. "चालू तर आहे," म्हणत आणि ठेवत. मला बघवत नसे.

त्याच सुमाराला गुरुजींच्या सुनेचे वडील गेले. बातमी थेट त्यांच्या नव्या फोनवर आली. घरात पाहुण्यांची पंगत बसलेली, सून वाढत होती, एका हाताने तिने फोन घेतला आणि दुसऱ्या हातातली पळी तशीच खाली पडली. सकाळपासून त्या मुलीने अन्नाला शिवलंही नव्हतं. हे कळल्यावर आतोबा घरातल्या घरात येरझाऱ्या घालू लागले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. "फोन घेतला सगळ्यांनी, पण खबर सांगायची कशी, हे कुणी शिकलं का? पोरीला एक घास मिळू दिला नाही मेल्यांनी! मी असतो तर..." आत्याने पिठलं-भात केला, आतोबा टोपी घालून, छत्री घेऊन, डबा हातात धरून समोर गेले, आणि ती मुलगी जेवेपर्यंत उंबऱ्याशी बसून राहिले. मला वाटतं, तो त्यांचा शेवटचा निरोप होता.

पुढे माझी नागपूरला बदली झाली. आमच्याकडेही फोन आला. दर रविवारी सकाळी आतोबांचा फोन ठरलेला. गंगेचं पाणी, माकडं, गुरुजींचं पित्त, सगळं यायचं, पण जेवणाचं ते मला चुकूनसुद्धा विचारत नसत. मी मुद्दाम म्हणायचो, "आतोबा, एकदा विचारा तर खरं, जेवलास का म्हणून." ते हसायचे. "पागल! माझ्या तोंडून तुला ते ऐकायचं नाहीये, भाचेराव."

खरंच, त्यांच्या तोंडून मला ते कधी ऐकावं लागलं नाही. एका दुपारी पानं वाढून झाली होती, बायकोने भातावर वरण घातलं होतं, आणि फोन वाजला. मी उचलला. पलीकडून आवाज आला, "अरे, मी बोलतेय." तो आवाज मी फोनवर उभ्या जन्मात ऐकला नव्हता. आत्या होती.

"जेवलास का रे?"

"पान वाढलंय," मी म्हटलं.

"मग जेव. पोटभर जेव. जेवलास की लाव मला फोन. मी इथेच कोनाड्यापाशी बसलेय." आणि तिने फोन ठेवला.

"कुणाचा होता?" बायकोने विचारलं. "आत्याचा. जेव म्हणतेय." मी परत पाटावर येऊन बसलो. घास तोंडात फिरत होता, तरी उठलो नाही. वरणभात खाल्ला, मागून भात घेतला, ताक प्यायलो. अजून मला कुणी काही सांगितलं नव्हतं.