इटलीला जाण्याआधी

आमच्या शेजारच्या बाई कधी हळू बोलत नाहीत. "अहो, कचऱ्याची बिन बाहेर काढली का?" असं त्यांनी नवऱ्याला विचारलं की एजवेअरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांनाच आपापली बिन आठवते. मला त्यांच्याशी बोलायची अजून भीती वाटते.

त्यांच्या मिस्टरांचं हार्टचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्यांना कोणी साधी पिशवी उचलू देत नाही आणि त्याचा त्यांना फार राग येतो. आता दोघं पाठीवर बॅगा घेऊन ट्रेनने इटली फिरणार आहेत. आपली बॅग आपणच उचलणार, असं मिस्टरांनी बजावलं आहे. म्हणून दोघं रोज भरलेल्या बॅगा घेऊन पार्कपर्यंत चालतात.

काल मी दारात कुंड्यांना पाणी घालत होते. मिस्टर काहीतरी आणायला आत गेले. तेवढ्यात बाईंनी त्यांच्या बॅगेतले बूट, जाड पुस्तक, सगळं भराभर आपल्या बॅगेत कोंबलं आणि रिकाम्या जागी आपल्या बॅगेतली उशी दाबून बसवली. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मिस्टरांनी बॅग चढवली. "बघ, आज ओझं वाटतच नाही. सवय झाली!"

"झाली ना? मग चला."

चार घरं पुढे गेल्यावर मिस्टरांची चाल मंदावली. लगेच बाई म्हणाल्या, "अहो, थांबा. मला दम लागला."

"अगं, इथेच दमलीस?" मलाही ऐकू येईल असं ते मोठ्याने म्हणाले. "रोममध्ये तुला उचलून घेऊ की काय?"

नवऱ्याची धाप ओसरेपर्यंत बाई आपलीच छाती चोळत उभ्या राहिल्या.